आधी दिसू दे

लाईट गेली आहे. पाटोद्यात संध्याकाळची लाईट गेली की गल्ली क्षणभर गप्प होते, मग घराघरांतून मोबाईलचे टॉर्च लागतात. तूही लावला आहेस. आईच्या दवाखान्याचे कागद ठेवलेली पत्र्याची पेटी तुला उघडायची आहे. पण त्याआधी एक कर. त्या टॉर्चवर बोट दाबून धर.

बोट तांबडं झालं, आतून निखारा फुंकल्यासारखं. टॉर्चचा उजेड पांढरा आहे, म्हणजे त्यात सगळे रंग आहेत. तरी बोटातून बाहेर आला तो तांबडाच. निळा आणि हिरवा रंग कातडीत नि रक्तात जिरून गेले. तांबड्याच्याही पलीकडे डोळ्याला न दिसणारा उजेड असतो, साधारण ७०० ते ९०० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तो मांसातून आणखी खोल जातो. आज रात्री तुला याच उजेडाच्या वाटेनं जायचं आहे.

आता पेटी उघड. आईच्या ऑपरेशनची पैशाची पावती आहे, गोळ्यांची चिठ्ठी आहे. सोनोग्राफीचा कागद नाही. काढलेला तुकडा तपासल्याचा रिपोर्ट नाही. ती २८ वर्षांची होती, दोन हंगाम ऊसतोडीला जाऊन आली होती. अंधारातून ती सांगते, "अंगावरून पांढरं जायचं. डॉक्टर म्हणले, पिशवी खराब झालीय, नाही काढली तर कॅन्सर होईल."

"पण त्यांना दिसलं काय?"

"ते आपल्याला काय कळतंय माय."

हा प्रश्न पदरात बांधून घे आणि चल.

पहिला मुक्काम लांब नाही. हीच बालाघाटाची धार, याच तालुक्यात उगम पावणारी मांजरा. साल मात्र १९४० च्या आसपासचं आणि राज्य निजामाचं. एका अंगणात चूल पेटली आहे. तान्ह्या लेकराचं पोट फुगलंय. आजीनं विळ्याचं टोक निखाऱ्यात घातलंय. ते लाल होतं, बेंबीच्या बाजूला टेकतं. चर्र आवाज येतो, लेकरू किंचाळतं, तू डोळे मिटून घेतेस. डागणी म्हणतात ती हीच. कुठे विळ्यानं देत, कुठे बिब्ब्याचा चटका.

राग येऊ दे, यायलाच हवा. असे डाग घेतलेली लेकरं दगावली आहेत. पण आजीचा हातही बघ, थरथरतो आहे. चटक्यानं दुखणं मरतं, हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलंय. आगीनं इलाज करण्याची कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्माचा स्वतंत्र अध्याय आहे आणि आगीनं जाळलेला रोग पुन्हा उठत नाही, असं तिथं म्हटलं आहे. आग या माणसांना ठाऊक होती. दुखणं पोटात नेमकं कुठे बसलंय, ते आजीला दिसत नव्हतं.

दिसायला कशानं लागलं, ते बघायला लांब जावं लागेल.

हॅम्बुर्ग, जर्मनी. युद्ध संपून दोन महिने झालेत, शहर ढिगाऱ्यात आहे. ९ जुलै १९४५ ला सूर्यग्रहण होतं. आपल्याकडे ग्रहणात दारं लावून बसतात. इथं एक वैद्यकीचा विद्यार्थी उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे बघत राहिला आणि आता त्याला समोरचं धड दिसत नाही. त्याला तपासणारा डॉक्टर २५ वर्षांचा आहे, गेरहार्ड मायर-श्विकेराथ. डोळ्याच्या पडद्याच्या मधोमध त्याला भाजल्याचा छोटासा व्रण दिसतो. दुसऱ्या कुणी हळहळून कागद पुढे सरकवला असता. हा थांबतो. उजेड डोळ्याच्या आत जाऊन असा नेमका भाजू शकत असेल, तर फाटलेल्या पडद्याच्या कडा आपण मुद्दाम भाजून चिकटवल्या तर?

चार वर्षं पुढे सरक, दवाखान्याच्या छतावर ये. सूर्याच्या मागे फिरणारा आरसा बसवलाय. ऊन धरून ते खाली आणतात आणि रुग्णाच्या डोळ्यात सोडतात. पडद्यावर पांढरा ठिपका उठतो. अंड्याचं पातळ पाणी तव्यावर पडताच पांढरं होतं ना, तसाच. पण हॅम्बुर्गला ढग फार. सूर्य कधी निघेल त्याची वाट बघत रुग्ण पडून राहायचे. म्हणून पुढे कार्बनचा दिवा आला, मग झेनॉनचा, आणि १६ मे १९६० ला अमेरिकेत थिओडोर मेमननं पहिला लेझर पेटवला.

इथली एक गोष्ट गाठीला बांध, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. डोळ्याच्या बाहुलीतून उजेड आरामात आत जातो, वाटेत काही भाजत नाही. पडद्यामागे मात्र काळ्या रंगाचा थर आहे, तो उजेड पितो आणि तापतो. एप्रिलमध्ये आपल्या काळ्या रानात चप्पल काढून चाललीस तर पाय पोळतात, पांढऱ्या मातीवर तेवढे पोळत नाहीत. तेच इथं. उजेडानं जाळायचं तर उजेड पिणारं काहीतरी तिथं हवं. डोळ्यात निसर्गानं ते ठेवलंय. पोटात, स्तनात, गर्भाशयाच्या तोंडाशी तसं काही नाही. तिथं ते पाठवावं लागेल.

१९६० चा सुमार. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसला हॅरॉल्ड नोवोत्नी आणि डेव्हिड आल्विस हे दोघं वैद्यकीचे विद्यार्थी एका कॅमेऱ्यापुढे बसलेत. आल्विसच्या हाताच्या शिरेत पिवळट रंग टोचला आहे. त्याचं नाव फ्लुओरेसिन, आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलेला. डोळ्यात निळा उजेड सोडला की रक्तातला तो रंग हिरवा चमकतो. काही सेकंदांत काळ्या पडद्यावर एक एक रक्तवाहिनी उजळत जाते, रात्री बालाघाटावरून खालच्या गावांचे दिवे दिसावेत तशी. रक्तवाहिनी कुठे गळते आहे, कुठे बुजली आहे, सगळं समोर येतं. लेझर कुठे मारायचा आणि कुठे अजिबात मारायचा नाही, हे आता त्या फोटोवरून ठरवता येणार होतं.

तुझ्या ओळखीत शुगर असलेलं कुणीतरी पिवळं इंजेक्शन घेऊन आलेलं असेल. कातडी पिवळसर, लघवी पिवळीजर्द, आणि डॉक्टरनं आधीच सांगितलेलं असतं, घाबरू नका, डाय आहे. सीटी स्कॅनला 'काँट्रास्ट लावून' म्हणतात, तोही त्याच जातीचा. असल्या औषधानं रोग बरा होत नाही. त्याचं काम एकच, आजारी जागा आणि निरोगी जागा एकमेकींपासून वेगळ्या दाखवणं. मला हे काम शस्त्राइतकंच मोठं वाटतं. मधुमेहानं बिघडलेल्या पडद्यावर वेळेत लेझर मारला तर दृष्टी गमावण्याचा मोठा धोका निम्म्यावर येतो, हे १९७६ मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासानं दाखवलं. नजर आणि आग एकत्र आली, म्हणून ते जमलं.

आता परत ये. आपला शेजारचा जिल्हा, तेव्हाचं उस्मानाबाद, आजचं धाराशिव. साल २०००. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून एक मोठं काम काढलंय. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बाया, गावांचे ५२ गट. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत कसा धरायचा, ते इथं तपासायचं आहे.

गावातल्या एका खोलीबाहेर बाया बसल्या आहेत. पदर तोंडावर, एकमेकींना ढकलणं चाललंय, "तू जा आधी." तुझी पाळी येते. टेबलावर पडताना तुला लाज वाटते, छत बघत राहतेस. नर्सबाई म्हणते, "थोडं गार लागंल, घाबरू नको." कापसाचा बोळा आत लागतो. वास ओळखीचा आहे, लोणच्यात घालतात त्या व्हिनेगरचा. खरंच तेच आहे, पाण्यात ३ ते ५ टक्के ॲसेटिक ॲसिड.

"आता एक मिनिट थांबायचं."

त्या मिनिटात काय होतं, ते मी तुला सावकाश सांगते. निरोगी पेशीत पाणी पुष्कळ, केंद्रक लहान. बिघडायला लागलेल्या पेशीत केंद्रक मोठं आणि प्रथिनं दाटीवाटीनं भरलेली. ॲसिड लागलं की ती प्रथिनं थोड्या वेळापुरती गोठतात आणि उजेड परतवू लागतात. दिव्याखाली तेवढीच जागा पांढरी दिसते, बाकीची गुलाबी राहते. हा गरिबाघरचा काँट्रास्ट. यंत्र नाही, सुई नाही, एक दिवा, एक बाटली आणि शिकलेली नजर. पांढरं दिसलं तर तेवढीच जागा गोठवून मारायची, पिशवीला हात लावायचा नाही. गोठवण्याच्या जागी आता तापवण्याची पद्धतही आली आहे. हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं यंत्र, त्याचं टोक १०० अंशांवर २० ते ३० सेकंद टेकवायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आजीची डागणीच म्हण हवं तर, पण आता तिला डोळे आहेत.

आणि बघ, आईचंही पांढरंच होतं. अंगावरून पांढरं जाणं पुष्कळदा जंतुसंसर्गानं असतं, गोळ्यांनी बरं होतं. ते पांढरं कॅन्सरचं म्हणून तिला भिववलं. बोळ्यानंतर उमटणारं हे पांढरं तिला कुणी दाखवलंच नाही. एक मिनिट थांबायचं होतं फक्त.

खरं ते सगळं सांगायला हवं. व्हिनेगरची तपासणी बघणाऱ्याच्या नजरेवर चालते. उस्मानाबादच्या त्या कामात तिनं मृत्यू ठळकपणे कमी केले नाहीत. ज्या बायांची एकदाच एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली, त्या गटात मृत्यू जवळपास निम्मे झाले. तिथं ३४ बाया गेल्या आणि तपासणी न झालेल्या गटात ६४. हा निकाल २००९ मध्ये जगापुढे आला. ज्या गटात त्या ६४ जणी गेल्या, तो तपासणीविना ठेवला, यावर पुढे वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. आकडा सिद्ध व्हावा म्हणून त्या बाया न तपासलेल्या राहिल्या. मुंबईच्या वस्त्यांत मात्र टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या पथकानं साधारण दीड लाख बायांमध्ये, दहावी शिकलेल्या आरोग्यसेविका तयार करून, ही व्हिनेगरची तपासणी दर दोन वर्षांनी केली. तिथं या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. बाटली दोन्हीकडे सारखी होती. मुंबईत नजर पुन्हा पुन्हा फिरली, आणि माझ्या मते फरक तिथंच पडला.

टॉर्च पुन्हा बोटावर धर. तांबड्या उजेडाची ती वाट अजून पुरती चाललो नाही.

लंडन, १८५७. रॉयल इन्स्टिट्यूशनच्या खोलीत मायकेल फॅरेडे एक बाटली उजेडात धरतो. आत सोनं आहे, पण पिवळं नाही, माणकासारखं लाल. सोन्याचे कण फार बारीक केले की त्यांचा रंग बदलतो, हे त्याला दिसलंय. कणाचा आकार नि घडण बदलली की तो कुठल्या रंगाचा उजेड पिईल, तेही बदलतं. आपल्याकडे सोन्याचं भस्म औषधात देत आले, पण ही युक्ती वेगळी आहे. सोन्याला अशी घडण द्यायची की त्यानं बोटातून आरपार जाणारा तोच न दिसणारा उजेड प्यावा आणि तापावं.

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हॅलस आणि जेनिफर वेस्ट यांच्या गटानं ते करून दाखवलं. वाळूच्याच जातीच्या सिलिकाचा गोल कण, त्यावर सोन्याचं पातळ कवच. २००३ मध्ये त्यांनी उंदराच्या गाठीत ते कण सोडून वरून लेझर दिला आणि आतला ताप एमआरआयमध्ये बघत राहिले. सोनं होतं तिथंच गाठ तापली. आग कुठे आहे आणि किती आहे, हे आग चालू असताना दिसत होतं. आजीच्या विळ्यापासून इथवर माणूस कशासाठी धडपडला, ते मला या एका प्रयोगात दिसतं.

आता खारघर, २०१५. टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक. अभिजित डे यांची प्रयोगशाळा, आणि तिच्यासोबत पवईच्या आयआयटीतले रोहित श्रीवास्तव, अरविंद रेंगन. इथल्या माणसांना एक साधा पण अवघड प्रश्न पडला आहे. सोनं शरीरात घातलं, त्यानं काम केलं, मग ते जाणार कुठे? ते लिव्हरमध्ये वर्षानुवर्षं साठलं तर? म्हणून त्यांनी आतला कण सिलिकाचा न ठेवता चरबीचा ठेवला. चरबीचा पोकळ बुडबुडा, त्यावर सोन्याचा मुलामा. काचेमागे उंदीर निजला आहे. त्याच्या अंगात माणसाच्या कॅन्सरची गाठ वाढवली आहे. ७५० नॅनोमीटरचा लेझर लागतो. तुझ्या टॉर्चच्या तांबड्याच्या जरा पुढचा. थोड्या दिवसांनी गाठ नाहीशी होते. आणि ते कण यकृताच्या पेशीत फुटून बारीक होतात, पित्तावाटे आणि लघवीवाटे बाहेर पडतात. 'नॅनो लेटर्स' या नियतकालिकात हे छापून आलं. जाळून झाल्यावर राख कुठे टाकायची याचा विचार करणारं हे काम आपल्या मुंबईतलं आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

सोन्याची आणखी एक खुबी आहे. ते क्ष-किरण अडवतं, म्हणून सीटीमध्ये पांढरं दिसतं. उजेडाचा क्षणभराचा झोत पिऊन ते इवलंसं फुगतं, त्याचा आवाज होतो, आणि तो आवाज सोनोग्राफीसारख्या यंत्राला ऐकू येतो. उजेड आत पाठवायचा, आवाज बाहेर ऐकायचा. त्यामुळे तेच सोनं आधी गाठ दाखवतं आणि मग तिला तापवतं. माणसांवरही सुरुवात झाली आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयानं प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या १६ रुग्णांवर सोन्याच्या कवचाचे कण वापरले, एमआरआय आणि सोनोग्राफीच्या चित्रावर नजर ठेवून. १५ जणांत उपचार पुरा झाला. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

पण इथं मी तुझा हात धरून थांबवते. हा इलाज आज बीडला मिळत नाही, परळच्या टाटालाही नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही. सोन्याच्या इंजेक्शननं कॅन्सर घालवतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर एक रुपया देऊ नको. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आपल्याकडची किती माणसं उपचारासाठी महिनोन् महिने राहतात. जमीन गहाण ठेवून आलेल्या माणसाला खोटी आशा विकणं, हे मला चोरीहून वाईट वाटतं.

शेवटचा मुक्काम २०१९. परत आपलाच जिल्हा.

दसरा-दिवाळी उरकली की ट्रक भरतात. संसार, कोंबड्या, लेकरं, सगळं वर चढतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. फडात पहाटेपासून मोळ्या उचलायच्या, पाळी आली तरी, पोटात दुखलं तरी. एक दिवस खाडा झाला की पैसे कापले जातात, म्हणून दुखणारी पिशवीच नको झाली कितीकींना. त्या वर्षी विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची पाहणी समोर ठेवली. ८२,३०९ बायांची विचारपूस झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती.

ती रांग डोळ्यांपुढे आण. त्यातल्या काहींना खरंच ऑपरेशनची गरज असेल. पण किती जणींचा गर्भाशयाच्या तोंडाचा तपास झाला होता? किती जणींना बोळ्यानंतरचं ते एक मिनिट मिळालं होतं? जगात माणसं कण-कण सोनं घडवतायत, कमीत कमी जागा जाळावी लागावी म्हणून; आणि खारघरपासून एका रात्रीच्या प्रवासावर अख्खा अवयव न बघता काढला जातो. ही रांग काय मी विसरू शकत नाही.

लाईट आली. टॉर्च बंद कर. पेटीत पावती तशीच आहे, आई भाकरी थापायला उठली आहे.

तू ३० च्या पुढे गेली आहेस ना? सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बाईची ही व्हिनेगरची तपासणी दर पाच वर्षांनी करायची ठरली आहे. आशाताईला विचार, ग्रामीण रुग्णालयात जा. आज सिस्टर नाही म्हणाल्या, तर कधी आहे ते विचारून पुन्हा जा. शेजारणीला बरोबर ने. आणि तुला किंवा तुझ्या जावेला कुणी पिशवी काढायला सांगितलं, तर आधी म्हण, काय दिसलं ते दाखवा. सोनोग्राफी माग, तुकड्याचा रिपोर्ट माग, कागद घरी आण. २०१९ नंतर बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्याला हे ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागते. ती परवानगी दाखवा म्हणायचा हक्क तुझा आहे.